भाषेसाठी मुलूख सोडताना

परदेशी जाऊन एखादी भाषा शिकण्यासाठी चालत्या नोकरीतून वर्ष-दोन वर्षे बाजूला व्हावे की नाही, हा प्रश्न पूर्वी मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांतला समजला जात असे. आता तो पातूरसारख्या तालुक्याच्या गावीही उभा राहतो. अकोल्याहून वाशीमकडे जाणारी सडक घाट चढू लागण्यापूर्वी, सुमारे वीस मैलांवर, हे गाव लागते. आगगाडी येथवर आलेली नाही, परंतु तहसील कचेरी, शाळा, बँका आणि दवाखाने यांच्या आश्रयाने कायम नोकरीत रुजू झालेला आणि दरमहा ठरल्या तारखेस पगार घेणारा एक सुशिक्षित वर्ग येथे दोन पिढ्यांत स्थिरावला आहे, आणि त्या वर्गातील एखाद्या पस्तिशीच्या शिक्षकाने किंवा परिचारिकेने भाषा शिकण्यासाठी परदेशी जाण्याचा मनोदय घरात बोलून दाखवला, की थोरल्यांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो असा: “लागलेली नोकरी सोडून कुठी चाल्ला बाप्पा?”

या उद्गाराला कोणी अडाणीपणा म्हणू नये. कोरडवाहू कपाशी आणि तुरीवर ज्या कुटुंबाचे वर्ष अवलंबून असते, मृगाचा पाऊस लांबला की ज्याचा हिशेब कोलमडतो, त्या कुटुंबात पगार हे आभाळाकडे न पाहता येणारे एकमेव उत्पन्न असते. तेव्हा ते स्वखुशीने थांबवू पाहणाऱ्याने त्याचे समाधानकारक कारण दिले पाहिजे, ही अपेक्षा रास्तच होय. प्रस्तुत प्रकरणात ते कारण कोणते असू शकते, आणि कोणते असू नये, याचा विचार आपल्याच मुलखातील माणसांच्या चरित्रांवरून करावयाचा आहे.

पातुरात या प्रश्नाला एक प्राचीन पार्श्वभूमीही आहे. गावालगतच्या टेकडीत खडक कोरून केलेली लेणी आहेत आणि त्यांची गणना बौद्ध विहारांत होते. वर्षाकालाचे महिने सोडले तर सदैव चालत राहणे हा ज्यांचा आचार होता, आणि ज्यांच्या विद्येचा मोठा भाग ग्रंथांत नसून गुरूच्या मुखात होता, अशा भिक्खूंसाठी महाराष्ट्रात ठिकठिकाणी असली लेणी कोरली गेली. विद्येसाठी मुलूख सोडणे ही त्या परंपरेत नित्याची गोष्ट होती. पाचव्या शतकातील बुद्धघोषाचार्यांचे उदाहरण सुप्रसिद्ध आहे: त्रिपिटकावरील जुन्या टीका सिंहली भाषेत असून त्या सिंहलद्वीपातच उपलब्ध आहेत असे कळल्यावर ते भारतातून अनुराधपुराच्या महाविहारात गेले, तेथे त्या टीकांचे अध्ययन करून त्यांनी त्या पालीत उतरवल्या, आणि ‘विसुद्धिमग्ग’ हा आपला महाग्रंथ तेथेच सिद्ध केला. ग्रंथ आणि गुरू जेथे होते तेथे ते गेले, आणि एका बेटापुरत्या राहिलेल्या विद्येला त्यांनी अशा भाषेत आणले की ती पुढे ब्रह्मदेश आणि सयाम येथील विहारांतही वाचली गेली.

या घटनेनंतर सुमारे दीड हजार वर्षांनी, त्याच द्वीपाकडे आणि पुढे त्याच ग्रंथाकडे, गोव्यातील एक मराठी गृहस्थ निघाला. धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म १८७६ साली साखवाळ या गावी झाला. शालेय शिक्षण अल्प, इंग्रजी शाळेचे तर नाव नाही. घरची नारळीची बागायत पाहावी, लहान वयात झालेला संसार सांभाळावा, असे त्यांचे जीवन आखलेले होते. ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मासिकात छापलेले बुद्धाचे एक त्रोटक चरित्र त्यांच्या वाचनात आले, आणि या पुरुषाचा उपदेश मूळ भाषेत वाचल्यावाचून आपल्याला स्वस्थता लाभणार नाही, अशी त्यांच्या मनाची खातरी झाली. १८९९ च्या अखेरीस, पत्नी बाळाबाई आणि तान्ही कन्या यांना मागे ठेवून, त्यांनी घर सोडले.

येथे आधुनिक वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती अशी की कोसंबी एकदम परदेशी गेले नाहीत. प्रथम ते पुण्यास आले आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. तेथून मजल-दरमजल करीत ग्वाल्हेरमार्गे काशीस पोहोचले. अन्नछत्रात जेवून त्यांनी गंगाधरशास्त्री तैलंगांपाशी संस्कृताचे अध्ययन केले. आणि बौद्ध धर्म अजून जिवंत असेल या आशेने ते नेपाळात गेले, तेथे निराशा पदरी आल्यावर बुद्धगयेस उतरले. पाली शिकावयाची तर सिलोनला जावे, हा सल्ला त्यांना बुद्धगयेत मिळाला. स्वदेशात मिळण्याजोगे जेवढे होते तेवढे पदरात पाडून घेतल्यावर, आणि उरलेले येथे मिळत नाही याचा पडताळा घेतल्यावर, त्यांनी १९०२ साली समुद्र ओलांडला. संस्कृताची बैठक काशीत पक्की झालेली असल्यामुळे कोलंबोत त्यांना पाली ही परकी भाषा म्हणून शिकावी लागली नाही. नात्यातल्या भाषेची नवी रीत तेवढी अंगवळणी पाडावयाची होती.

कोलंबोतील ज्या विद्योदय परिवेणात ते दाखल झाले, ते १८७३ साली स्थापन झालेले होते, आणि त्याचे प्रमुख, हिक्कडुवे श्री सुमंगल महास्थविर, हे पाली आणि संस्कृत या दोन्ही भाषांत पारंगत असे वृद्ध पंडित होते. कोसंबींनी त्यांच्यापाशी श्रामणेर-दीक्षा घेतली आणि विहाराच्या दिनक्रमात राहून अध्ययन आरंभिले. येथील पद्धती आपल्या जुन्या पाठशाळांच्या जवळची होती: व्याकरण मुखोद्गत करावे, मग मूळ पाठ घ्यावा, मग त्यावरील अट्ठकथा, म्हणजे टीका, लावावी. तथापि एक अडचण त्यांच्यापुढे होती जी काशीत नव्हती. पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. सिलोनात ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मी अक्षरांत, सयामात सयामी अक्षरांत; १८८१ साली स्थापन झालेली लंडनची पाली टेक्स्ट सोसायटी पाली ग्रंथ रोमन लिपीत छापीत होती, पण इंग्रजी शाळा न पाहिलेल्या माणसाला तो मार्ग सुलभ नव्हता. म्हणून जेथे जावे तेथली वर्णमाला आधी गिरवावी, आणि मग त्या अक्षरांतून तोच सुत्त नव्याने वाचावा, हा क्रम त्यांना पत्करावा लागला.

दुसरी अडचण पोटाची. शाकाहारावर वाढलेल्या माणसाला सिंहली स्वयंपाक जड जातो. तेथील बहुतेक कालवणांत सुक्या मासळीचा चुरा सढळ हाताने पडतो, आणि भिक्षेत जे येईल ते खाणे हा भिक्खूचा धर्म. कोसंबींची प्रकृती तेथे नीट राहिली नाही. पुढे ते मद्रासेस आले, तेथून ब्रह्मदेशात गेले, पुन्हा हिंदुस्थानात येऊन बौद्ध तीर्थे हिंडले आणि पुन्हा ब्रह्मदेशी गेले. घर सोडल्यापासून १९०६ साली कलकत्त्यास स्थिर होईपर्यंत सहा-सात वर्षे गेली. भाषा शिकण्याची मुदत आपण पंचांग पाहून ठरवतो. ती हवापाणी, प्रकृती, पैसा आणि गुरूची सवड यांच्या हाती असते, हे त्यांच्या प्रवासाच्या टप्प्यांवरून स्पष्ट दिसते.

आता या चरित्राचा जो भाग मला सर्वांत बोधप्रद वाटतो, त्याकडे वळतो. कलकत्त्यात सर आशुतोष मुकर्जींच्या कारकिर्दीत विश्वविद्यालयात पालीचे अध्यापन सुरू झाले आणि कोसंबींना तेथे अध्यापकाची जागा मिळाली. ज्याच्यापाशी एकही पदवी नाही अशा माणसाला विश्वविद्यालयाने आसन द्यावे, कुटुंबाने पुन्हा एकत्र यावे, आणि १९०७ साली पुत्र व्हावा (हेच पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून गाजलेले दामोदर कोसंबी). इतके झाल्यावर कोणीही तेथेच स्थायिक झाला असता. याच सुमारास श्रीमंत सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कळवले, की महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहून कार्य करणार असाल तर बडोदे सरकार दरमहा पन्नास रुपये देईल, मोबदल्यात अधूनमधून एखादा ग्रंथ लिहून द्यावा. कलकत्त्याच्या वाढत्या प्राप्तीच्या मानाने ही तनख्याची रक्कम फारच थोडी होती. कोसंबींनी ती स्वीकारली आणि ते मराठी मुलखात परत आले.

या परतण्याने काय साधले, हे पाहण्यासाठी पुढील दहा-बारा वर्षांकडे नजर टाकावी. १९१० मध्ये त्यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. हेन्री क्लार्क वॉरन या पंडिताने अपुरे ठेवलेले ‘विसुद्धिमग्गा’चे संपादन पुरे करण्यासाठी ते होते. तेथील प्रोफेसर लॅनमन यांच्याशी श्रेयाच्या प्रश्नावरून मतभेद झाल्याने ते काम रखडले, आणि ती आवृत्ती १९५० साली, म्हणजे कोसंबींच्या निधनानंतर, बाहेर आली. तत्पूर्वी १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्याभवनाने त्यांचीच देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली होती. परंतु अमेरिकेच्या पहिल्या फेरीनंतर, १९१२ पासून, त्यांनी पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयात पालीचे जे अध्यापन केले, त्याचे मोल या संपादनाहून कमी नाही. त्या वर्गातून पु. वि. बापट निघाले, ना. के. भागवत निघाले, आणि ज्यांचा चिमणराव घराघरांत पोहोचला ते बडोद्याचे पालीचे प्राध्यापक चिं. वि. जोशीही निघाले. या मंडळींना पालीचा ओनामा गिरवण्यासाठी कोलंबोची बोट धरावी लागली नाही. एका माणसाने सहा-सात वर्षे घराबाहेर काढली, त्यामुळे पुढच्या कित्येकांची तितकी वर्षे वाचली. भाषेसाठी घेतलेल्या रजेची किंमत ठरवण्याचे याहून खरे माप मला दिसत नाही: तिच्यामुळे मागून येणाऱ्यांच्या रजेची गरज किती कमी झाली?

अर्थात या हिशेबाची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोसंबींच्या अध्ययनाचा खर्च बाळाबाईंनी सोसला. वार्तेविना गेलेले महिने, लोकांच्या नजरा आणि आप्तेष्टांच्या घरची मिंधेपणाची भाकर यांचा तो खर्च होता, आणि चरित्रकार त्याला सहसा ‘त्याग’ या एका शब्दात गुंडाळतात. शंभर वर्षांपूर्वी तो पुरुषाच्या ध्येयापुढे गृहीत धरला जाई. आज पातुरातल्या घरी तो गृहीत धरता येणार नाही, आणि धरू नये.

वऱ्हाडचे स्वतःचे उदाहरण याहून निराळ्या धाटणीचे आहे. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावचे पंजाबराव देशमुख १९२० साली विलायतेस गेले, तेव्हा त्यांच्या वडिलांनी जमिनीच्या तारणावर पैसा उभा केला होता. कुणबी शेतकऱ्याच्या मुलाने एडिंबरोत जाऊन संस्कृताची संशोधनवृत्ती मिळवावी, आणि वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमाविषयी प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट घ्यावी, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते. संस्कृतासाठी काशी सोडून स्कॉटलंड कशाला? पण जी विद्या स्वदेशात जातीच्या उंबरठ्यापाशी अडत होती, ती एडिंबरोत ए. बी. कीथ यांच्यासारखा पंडित ज्या आसनावर बसत होता तेथे येणाऱ्या कोणासही खुली होती. परदेशी जाण्याचे हेही एक सबळ कारण होय: गुरू येथे असतो, पण दार बंद असते. पंजाबराव १९२६ मध्ये परतले, आणि त्यांनी पुढे १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापून वऱ्हाडातल्या बहुजनांच्या मुलांसाठी दारेच दारे उघडली. गहाण पडलेल्या जमिनीचे व्याज असे फेडले गेले.

लोकमान्य टिळकांना मात्र परदेशगमनाचा पर्याय निवडावा लागला नाही. सरकारनेच त्यांना १९०८ मध्ये मंडालेस पाठवले. कोसंबी ज्या ब्रह्मदेशात स्वेच्छेने गेले, त्याच ब्रह्मदेशाच्या तुरुंगात टिळकांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांशी पुस्तकांच्या आधारे परिचय करून घेतला. ग्रंथ वाचण्यापुरती भाषा एकांतात साधते. बोलती भाषा मात्र माणसांतच शिकावी लागते. परदेशाचा विचार करणाऱ्याने आपल्याला यांपैकी काय हवे आहे, याचा निर्णय प्रथम करावा.

कारण आजची स्थिती १९०२ सारखी राहिलेली नाही. नागपुरास १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेल्या धम्मदीक्षेनंतर वऱ्हाडातल्या बौद्ध घराघरांत त्रिशरण-पंचशील पालीतच म्हटले जाते; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः पालीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार केला होता, तो त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात छापला आहे. नालंदेहून देवनागरी त्रिपिटकाचे ४१ खंड निघाले, इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने पुढे अट्ठकथांसह १४० खंड काढले; नागपूर, पुणे आणि मुंबई येथील विद्यापीठांत पालीचे विभाग आहेत. केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. तेव्हा नित्य म्हटल्या जाणाऱ्या गाथांचा अन्वय लावावा एवढीच ज्याची आकांक्षा असेल, त्याने पगार थांबवण्याचे काही एक कारण नाही. विन्यासाचा निवासी वर्ग आणि घरचा नित्य अभ्यास त्याला पुरेल. सिंहली टीकाग्रंथांत उतरावयाचे असेल, किंवा अट्ठकथा अजूनही गुरुमुखातून चालते ती परंपरा प्रत्यक्ष पाहावयाची असेल, तर मात्र श्रीलंकेचा विचार करावा. विद्योदय परिवेणाचेच पुढे १९५९ मध्ये विद्यापीठ झाले, आणि पाली व बौद्ध अध्ययनासाठी तेथे स्वतंत्र संस्थाही आहेत.

ज्यांची दृष्टी शास्त्रापेक्षा उपजीविकेकडे आहे, त्यांच्याविषयी थोडक्यात सांगता येईल. महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाल्यापासून जर्मन भाषेची चौकशी तालुक्याच्या गावीही होऊ लागली आहे. जर्मनीत परिचारिकेला सामान्यतः सहा पायऱ्यांपैकी चौथी, म्हणजे ‘बी-२’, गाठावी लागते. पहिल्या दोन पायऱ्या पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये चढता येतात, आणि त्यांसाठी परदेशचे घरभाडे भरणे हा निव्वळ अपव्यय होय. मराठी माणसाला येथे काही अनुकूलताही आहेत. जर्मनप्रमाणे आपल्याकडेही तीन लिंगे असल्याने नामाचे लिंग पाठ करावे लागते याचे त्याला आश्चर्य वाटत नाही. जपानीकडे वळणाऱ्यालाही अशीच सोय आहे: तीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि विभक्तीसारखे प्रत्यय नामामागे लागतात, त्यामुळे वाक्याची ठेवण त्याला ओळखीची भासते, मात्र लिपी त्याची परीक्षा पाहते.

राहिला प्रश्न रजेच्या कायद्याचा. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा-नियमांप्रमाणे पाच वर्षे नोकरी झालेल्या कर्मचाऱ्यास अध्ययन-रजा मिळू शकते. ती एका वेळी साधारणतः बारा महिन्यांची आणि सबंध नोकरीत मिळून चोवीस महिन्यांची असते. अभ्यासाचा विषय सामान्यतः कर्मचाऱ्याच्या कामाशी निकट संबंध असलेला असावा लागतो. आणि परतल्यावर तीन वर्षे सेवा करण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागते, न केल्यास झालेला खर्च सरकारजमा करावा लागतो. बंधपत्राच्या या अटीवर नाराज होण्याचे कारण नाही. बडोदे सरकारने १९१३ साली डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी वृत्ती दिली तेव्हाही दहा वर्षांच्या चाकरीचा करार लिहून घेतला होता. मात्र ‘निकट संबंध’ या अटीत कोसंबींचा अर्ज बहुधा फेटाळला गेला असता, हेही लक्षात असावे. ज्याचा अर्ज असा फेटाळला जाईल त्याच्यापुढे बिनपगारी रजा किंवा राजीनामा हेच मार्ग उरतात, आणि त्यांतला राजीनामा हा पुन्हा उघडण्याची हमी नसलेला दरवाजा आहे.

वऱ्हाडचा शेतकरी एखादे शेत वर्षभर पडीत टाकतो, पण नांगरून टाकतो. न नांगरलेल्या पडितात कुंदा-हरळी माजते. परदेशच्या वर्षाचेही तसेच आहे. परगावी आपल्या मुलखाची माणसे शोधून त्यांच्याच खोलीत राहायचे, संध्याकाळी मराठीत गप्पा मारायच्या, आणि वर्गाचे दोन तास तेवढे परभाषेला द्यायचे, अशाने वर्ष सरते आणि भाषा दारातच उभी राहते. म्हणून रजेचा अर्ज लिहिण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: ज्यांच्यापाशी शिकणार त्या गुरूचे किंवा संस्थेचे नाव; मागे घराचा चरितार्थ कोण आणि कशातून चालवील, हे त्या माणसाच्या स्वतःच्या संमतीसह; आणि परतल्यावर कोणाला काय शिकवणार किंवा कोणता ग्रंथ मराठीत आणणार, त्याची मुदत. यांतली तिसरी ओळ बहुतेकांची कोरी राहते. ज्याची ती भरलेली आहे, तो जाण्यास पात्र झाला असे समजावे; आणि घरातल्या थोरल्याने पहिल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाला त्याच्यापाशी सांगण्याजोगे उत्तर आहे. पातुरात रविवारी सकाळी शाळेच्या एका खोलीत दहा मुलांना पालीची पहिली गाथा अन्वयासह शिकवणारा एखादा परतलेला शिक्षक बसला, तर त्या दहांपैकी नऊ जणांना घर सोडण्याचे प्रयोजन उरणार नाही, आणि दहावा निघालाच तर तो पहिल्या पायरीपासून नव्हे, अर्ध्या वाटेवरून निघेल.